खोड जुने, पुडी नवी

युरोप-अमेरिकेत जुन्या स्नेअर ड्रमचा एक स्वतंत्र बाजार आहे. स्नेअर ड्रम म्हणजे लग्नाच्या वरातीत ब्रास बँडवाल्यांच्या गळ्यात दिसतो त्या साइड ड्रमच्या कुळातले वाद्य. खालच्या पानाला लागून ताणलेल्या तारांमुळे त्याचा आवाज तडतडीत निघतो. शिकागोच्या लुडविग कंपनीचा १९६० च्या दशकातला 'सुप्राफोनिक' विकायला निघाला, की जाणकार गिऱ्हाईक तो वाजवून पाहण्याआधी उलटासुलटा करून पाहते. कंपनीचा बिल्ला मूळचा आहे का, तारा सैल-घट्ट करण्याची कळ त्याच सालची आहे का, बोल्ट कुणी बदलले आहेत का, पिंपाला एखादे जादा भोक पाडले आहे का, अशी ती तपासणी असते. भोक सापडले की किंमत उतरते. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर चढवलेल्या क्रोमला फोड आले असतील तरी चालतात, पण ते झाकण्यासाठी नवा मुलामा दिलेला चालत नाही. रोग चालेल, उपचार नको, असा हा न्याय आहे.

या काटेकोरपणाची चेष्टा करण्याचा हेतू नाही. त्यातला एक भाग मला मनापासून मान्य आहे, त्याकडे पुढे येतोच. लक्ष वेधायचे आहे ते एका सवलतीकडे. ज्यावर काठी पडते ते पान मात्र मूळचे असावे असा आग्रह सहसा नसतो. पूर्वी पान वासराच्या कातड्याचे असे आणि दमट हवेत ते सैल पडे. १९५७ च्या सुमारास प्लॅस्टिकची पाने बाजारात आली आणि कातडे हळूहळू मागे पडले. पान फाटले की बदलायचे, हे सर्वांनी गृहीत धरलेले आहे. ड्रमची ओळख पिंपात आणि लोखंडी सामानात राहते, पान हे येऊन-जाऊन असणारे.

हाच न्याय आपल्या तबल्याला लावता येईल का? प्रश्न हौसेचा वाटेल, पण तो आता आपल्या दाराशी आला आहे. कल्याणात गायन समाजासारखी जुनी संस्था आहे, डोंबिवली-ठाण्यात तबल्याच्या वर्गांना तोटा नाही, आणि चाळीतून इमारतीत गेलेल्या कित्येक घरांत माळ्यावर एखादी जुनी जोडी सापडते. ती विकायला काढणारा 'आजोबांच्या वेळची' म्हणून काढतो, आणि घेणारा विचारतो, "सगळे ओरिजिनल आहे ना?"

तबल्यात काय काय असते? खोड, त्यावर पुडी, पुडीला चाट, लव आणि मधोमध शाई, कडेने गजरा, ताणायला वादी, वादीखाली गट्टे. यातले खोड तेवढे दीर्घायुषी. बाकी सगळे झिजणारे. शाई तडकते, लव बसते, वादी तुटते. नियमित रियाज करणाऱ्याच्या हातात पुडी आयुष्यभर टिकत नाही. म्हणजे हिशेबाने खोड हेच मूळ आणि पुडी ही बदलती, असेच म्हणावे लागेल, स्नेअर ड्रमसारखे.

पण तबला तबला होतो तो शाईमुळे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात. म्हणून बहुतेक चर्मवाद्ये घुमतात किंवा कडाडतात, स्वरात बोलत नाहीत. लोहचूर्ण आणि भाताची खळ यांचा लेप मधोमध थरावर थर देऊन, दगडाने घोटून चढवला, की ते उपस्वर जवळपास सुरेल प्रमाणात येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात याच गोष्टीकडे जगाचे लक्ष वेधले होते. तेव्हा तबल्याचा आत्मा, हा शब्द वापरायचाच तर, नेमका त्याच्या सर्वांत नाशवंत भागात आहे. खोड शंभर वर्षांचे असेल; स्वर मात्र गेल्या वर्षी कुणीतरी घोटलेल्या शाईचा असतो.

समजा, उस्ताद अहमदजान थिरकवा गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला जो तबला वाजवीत, त्याचे खोड उद्या कुणाच्या हाती लागले. त्यावर आज नवी पुडी बसवली तर तो थिरकवांचा तबला का? आणि त्या काळची पुडी फाटकी, मुकी, पण जशीच्या तशी खोडावर असेल तर? संग्राहक दुसऱ्याला जास्त पैसे देईल, वाजवणारा पहिल्याला. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात काचेआडची वाद्ये पाहताना मला हा पेच हमखास आठवतो. दिनकर केळकरांनी ती जमवली नसती तर बरीचशी भंगारात गेली असती, याबद्दल कृतज्ञताच आहे. तरी अस्सलपणाची ही व्याख्या वाद्याला वस्तू करते. ज्याचा एकही भाग बदललेला नाही असा तबला बहुधा कुणी फारसा न वाजवलेला तबला असतो.

मग काहीही बदलले तरी चालते का? नाही. वादी-गट्ट्यांच्या जागी नटबोल्ट आले, तेव्हा नाराजी झाली आणि सोयही झाली. कातडे व शाई तीच राहिल्याने वाद्य ओळखू येते. ताशाचे तसे नाही. स्नेअर ड्रमशी आवाजाने सर्वांत जवळचे नाते सांगणारे आपले वाद्य तेच. पूर्वी त्याचे पान बकऱ्याच्या कातड्याचे असे आणि ते विस्तवावर शेकून तापवावे लागे. आता गुढीपाडव्याच्या यात्रेत वा गणपतीत जे ताशे कडाडतात, त्यांवर सर्रास प्लॅस्टिक असते. पावसात ते दगा देत नाही हे खरे, पण त्याचा आवाज कानाला टोचतो. इथे भाग बदलला नाही, पदार्थच बदलला, आणि त्याबरोबर पान शेकणाऱ्याचे कसबही गेले. नूतनीकरण आणि बदली यांतला फरक माझ्या मते इथे आहे: जुने कसब पुन्हा वापरून केलेला बदल वाद्याला पुढे नेतो, कसब अनावश्यक करणारा बदल दुसरेच वाद्य तयार करतो, मग त्याचे नाव तेच का असेना.

मराठीच्या अभ्यासकाला हा वाद नवा नाही. आपल्याकडे तो वेगळ्या शाईबद्दल झाला आहे. 'ज्ञानेश्वरी'च्या प्रतींत पाठभेद माजले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि 'मूळ' कोणते यावर वाद माजला. राजवाडे वृत्तीने संग्राहकाच्या जातीचे. त्यांना अविकृत पिंप हवे होते. एकनाथांनी पुडी बदलली. पण ती बदलल्याची नोंद, शकासह, ग्रंथाच्या शेवटीच जोडलेल्या ओव्यांत आढळते, आणि पुढच्यांनी यात आपली भर घालू नये असेही तिथे बजावलेले आहे. संग्राहकांच्या काटेकोरपणातला मला मान्य असलेला भाग तो हाच. दुरुस्ती करावी, पण ती लपवू नये. नव्या मुलाम्याचा दोष तो नवा आहे हा नाही. तो जुना असल्याचे सोंग आणतो हा आहे.

आपल्याकडे सोंगापेक्षा विस्मृतीचे दुखणे मोठे आहे. डग्ग्यावर कधी दुकानाचे नाव कोरलेले सापडते, शाई कोणी घोटली ते कुठेच सापडत नाही. चामड्याचे काम करणारा म्हणून तो मैफलीच्या दारापाशीच थांबला. 'अँटिक' खोडासाठी हजारो रुपये मोजणारे रसिक पुडीच्या मजुरीत शंभर रुपयांची घासाघीस करतात, आणि त्याचा मुलगा या धंद्यात येत नाही म्हणून हळहळतातही.

एक साधी गोष्ट करता येईल. पुडी उतरवली की खोडाचे पोकळ पोट उघडे पडते. नवी बसवण्यापूर्वी कारागिराने तिथे पेन्सिलीने आपले नाव आणि तारीख लिहावी, आणि ती लिहायला त्याला वाजवणाऱ्याने सांगावे. पुढची पुडी उतरेपर्यंत ते नाव कुणाला दिसणार नाही. पण उतरवणारा पुन्हा कारागीरच असेल, आणि त्याला कळेल की आपल्या आधी इथे कोण बसला होता.