पॉइंट कुणाच्या खिशातून येतात?

मार्च जवळ आला की आमच्या स्टाफरूममध्ये दोनच विषय चालतात, इन्कम टॅक्स आणि क्रेडिट कार्ड. टॅक्सचं मी समजू शकते. पण चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग सांभाळून आलेली माणसं चहा पिता पिता कुठल्या कार्डाला शंभर रुपयांमागे किती पॉइंट आणि कुठल्यावर विमानतळाचं लाउंज फुकट, यावरून हमरीतुमरीवर येतात तेव्हा मला हसू येतं. आमच्यातले बहुतेकजण कर्जत-खोपोली लोकलने ये-जा करतात. ती चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फलाटावरच बसायचं. तिथे लाउंज नसतं, फार तर वडापाव मिळतो.

आमच्यात एक सर आहेत, कार्डांचे जाणकार. कुणी विचारायच्या आत ते मोबाइलवर लिंक पाठवतात. त्या लिंकवरून कार्ड घेतलं की त्यांच्या खात्यात बक्षिसाचे पॉइंट जमा होतात, एवढं मात्र सांगायचं राहून जातं. मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, मला मिळाले तर तुमचं काय जातं?" त्या दिवशी घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. उत्तर आज देते.

आधी माझाच हिशेब. मी नेरळला राहते. पगारातून घराचा हप्ता, मुलाची फी, विमा, अम्मीची औषधं गेली की कार्डावर घालता येण्यासारखा खर्च महिन्याला साधारण बारा हजार उरतो. तोसुद्धा ओढूनताणून. मोहल्ल्यातल्या किराणावाल्याकडे कार्डाचं मशीन नाही. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं हे खरं, पण त्याने लावलेला क्यूआर त्याच्या स्वतःच्या नावाचा आहे, दुकानाचा नाही, आणि तशा क्यूआरवर क्रेडिट कार्ड चालत नाही. कोंबडीवाला, मासळीवाली, रिक्षा यांचंही तेच. पेट्रोलवर बऱ्याच कार्डांना पॉइंटच मिळत नाहीत. तिथे एक टक्का अधिभार माफ होतो, त्यावरचा जीएसटी मात्र आपल्याच माथी बसतो.

तरी धरून चाला, बाराच्या बारा हजारांवर एक टक्का सुटला. महिन्याला १२० रुपये, वर्षाला १,४४०. कार्डाची फी ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० वजा. उरले ८५०. वर्षभर प्रत्येक बिलाची तारीख डोळ्यांत तेल घालून सांभाळायची, पॉइंटची मुदत संपायच्या आत कॅटलॉगमधला डबा किंवा व्हाउचर निवडायचं, आणि हाती ८५० रुपये. त्यातही "एक पॉइंट" म्हणजे एक रुपया असतो असं समजणारे पदवीधर मी पाहिले आहेत. बऱ्याच कार्डांवर तो पंचवीस पैशांचा असतो. वर्षाला अमुक लाख खर्च केला तर फी माफ, ही अट तर आणखी गमतीची. ५९० रुपये वाचवायला माणूस नको असलेला मिक्सर घेऊन येतो.

आता सरांच्या प्रश्नाकडे येते. पॉइंट बँक काही घरचे देत नाही. कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात, आणि दुकानदार ते कुठेतरी वसूल करतोच. म्हणजे रोख मोजणारी, कधीच कार्ड न पाहिलेली बाईसुद्धा आपल्या पॉइंटला हातभार लावते. पण मोठा वाटा दुसरीकडून येतो. बिल पूर्ण न भरणारा जो माणूस असतो, त्याच्याकडून.

तो माणूस माझ्या घरात आहे. माझा धाकटा भाऊ. खोपोलीला जुन्या हायवेवर त्याचं छोटं गॅरेज आहे. कंप्रेसर आणि जागेच्या डिपॉझिटसाठी त्याने एका बँकेकडे दीड लाखाचं कर्ज मागितलं होतं. कागद झाले, फेऱ्या झाल्या, शेवटी तोंडी नकार. कारण काय, ते कागदावर आलंच नाही. पुढे चार महिन्यांनी दुसऱ्या एका बँकेच्या माणसाने गॅरेजमध्ये येऊन त्याला ऐंशी हजार मर्यादेचं क्रेडिट कार्ड दिलं. वेलकम पॉइंटसकट.

सुटे भाग, मग घरातलं एक लग्न. चाळीस हजारांवर देणं गेलं तेव्हा तो घाबरला आणि कार्ड वापरणं बंद केलं. इथपर्यंत शहाणपणाच केला. पण बिलावर दोन आकडे असतात, एकूण रक्कम आणि किमान रक्कम. त्याने दर महिन्याला किमान भरली, एकदाही न चुकता. त्याला वाटत होतं कर्ज फिटतंय. मी त्याची बिलं मागवली आणि पाटावर मांडून बसले. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. चाळीस हजारांवर १,४०० रुपये व्याज, त्यावर २५२ रुपये जीएसटी. किमान रक्कम पाच टक्के, दोन हजार. दोन हजार भरल्यावर देणं कमी झालं ३४८ रुपयांनी. चौदा महिन्यांत पोराने सव्वीस हजारांवर रुपये भरले आणि देणं आलं साडेपस्तीस हजारांवर. "आपा, मी तर वेळेवर भरत होतो," एवढंच तो म्हणत राहिला. वेळेवर भरतच होता. किमान भरत राहिलात तर चक्रवाढीने देणं लांबत जाईल, ही सूचना बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं आहे, आणि ती छापलेलीही होती. इंग्रजीत, बारीक अक्षरात. त्याचं शिक्षण दहावीपर्यंत, उर्दू माध्यमातून.

आमच्या वस्त्यांचा बँकांशी जुना हिशेब आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग 'नकारात्मक' म्हणून ठरवून ठेवले होते, तिथे कर्ज द्यायचं नाही. आज त्याच मोहल्ल्यांत कार्ड विकणारी मुलं येतात. धंदा उभा करायला स्वस्त कर्ज मागा, तुमच्या पत्त्याकडे बघितलं जातं. ४२ टक्क्यांचं कर्ज घ्या, मग कुणाचा पत्ता आड येत नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्यातून चार वर्षांनी कायदा आला. आजही महाराष्ट्रात खासगी सावकाराला परवाना लागतो आणि त्याच्या व्याजाला सरकारने मर्यादा घातलेली आहे. कार्डाच्या व्याजावर ३० टक्क्यांचा बांध २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने घालून पाहिला, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दर ठरवणं रिझर्व्ह बँकेचं काम, असं न्यायालयाचं म्हणणं. असेल. पण रिझर्व्ह बँकेने आकडा घातलेला नाही.

आता थोडं आपल्या लोकांशी. सूद हराम आहे हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुम्म्याच्या बयानात त्याच्या शिक्षेचं वर्णन येतं, पण सुदाचं बिल कसं वाचायचं हे कुणी सांगत नाही. मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. मला एवढंच विचारायचं आहे. जे भाईजान छाती पुढे काढून सांगतात की मी पंचेचाळीस दिवसांत पूर्ण बिल भरतो, एक पैसा सूद देत नाही आणि वर पॉइंटही उचलतो, त्यांनी तो पॉइंट कशातून आला हे पाहिलंय का? त्यात माझ्या भावाचे १,४०० रुपये आहेत. सूद देणं टाळलं म्हणून हात झटकता येत असतील तर झटका, पण मग स्टाफरूममध्ये लिंक तरी पाठवू नका. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. ती बारगळली तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी दोन ओळींचं पत्र लिहिलं? मीही लिहिलं नाही, हे कबूल करते.

इतकं बोलूनही उद्या कुणीतरी विचारेलच, तर सांगून ठेवते. बिल दरमहा पूर्ण भरण्याएवढे पैसे खात्यात पडून राहत नसतील, तर कुठलंच कार्ड चांगलं नाही. राहत असतील तर आजन्म बिनफीचं घ्या. पॉइंटपेक्षा थेट बिलात वजा होणारा कॅशबॅक बरा, त्याचा भाव कुणी मधेच बदलला तर निदान लक्षात तरी येतो. आपल्या भागात यूपीआयवर चालणारं रुपे असलेलं उपयोगी. आणि कार्ड हातात पडल्याच्या दिवशी दोन कामं करा. ऑटो-डेबिट लावताना पर्याय "एकूण रक्कम" निवडा, "किमान" नाही. आणि मर्यादा बँकेला सांगून पगाराच्या निम्म्यावर आणा. एटीएममधून त्या कार्डाने पैसे कधीच काढू नका, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

भावाचं देणं मी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून एकरकमी फेडलं. पतपेढीचंही व्याजच आहे, मला माहीत आहे. दहा टक्क्यांच्या आसपास. चाळिशी उलटलेल्या बाईने धाकट्या भावासाठी सूद देणं पत्करलं, याचा हिशेब मी वर देईन. मग कार्ड बंद करायला फोन लावला. देणं फिटलेलं असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड, असा नियम आहे. तो मी फोनवरच्या मुलीला वाचून दाखवला. ती बिचारी तिचं पाठ केलेलं बोलत होती. म्हणाली, "पण मॅम, सरांचे १,१४० पॉइंट शिल्लक आहेत, कार्ड बंद केलं तर ते जातील."

२८५ रुपये. मी म्हटलं, जाऊ दे.