प्रशिक्षण झाले, पुढे काय?

१८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांतील शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, अशी मागणी केली होती. त्या मागणीला एकशे चाळीसहून अधिक वर्षे लोटली. बहुजन समाजातील मुले-मुली शिक्षक झाली. सेवेत आल्यावरही त्यांना प्रशिक्षणांची वाण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तर प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. तरीही पाचवीपर्यंत पोहोचलेल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येत नाही, हे आपण सारे जाणतो. मग हे पाणी मुरते कुठे?

माझे मत असे की, आपल्या प्रशिक्षणांत काय करावे हे सांगितले जाते. ते आपल्या शाळेत, आपल्या वेळापत्रकात आणि हाताशी असलेल्या माणसांकडून कसे घडवून आणावे, याचे नियोजन मात्र शिकवले जात नाही. प्रयोगांती सिद्ध झालेली पद्धत ठाऊक असणे आणि ती रुजवता येणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत. जगात आता या दुसऱ्या कौशल्याची ‘इम्प्लिमेंटेशन सायन्स’, म्हणजे अंमलबजावणीचे शास्त्र, अशी स्वतंत्र ज्ञानशाखा झाली असून २००६ पासून त्याच नावाचे नियतकालिकही निघते. आपल्याकडे मात्र ‘अंमलबजावणी’ हा शब्द परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीपुरताच उरला आहे.

याचे बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू झालेल्या एका कार्याचे आहे. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवून शिकवण्याची पद्धत विकसित केली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे अनेक राज्यांत काटेकोर परीक्षण केले. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच महिनाभराच्या शिबिरांत ही पद्धत वापरली, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. पण शाळा नियमित सुरू असताना शिक्षकांना केवळ प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा म्हणावा तसा फरक पडला नाही. राज्य तेच, पद्धत तीच आणि शिकवणारे सरकारी शिक्षकच. म्हणजे शिक्षकाला येत नव्हते, असे म्हणता येत नाही. शाळेच्या दिवसांत पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याचे ओझे होते आणि नव्या पद्धतीसाठी वेळ कोणीच राखून ठेवला नव्हता.

पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात आखणी बदलली. शाळेच्या दिवसात या कामासाठी स्वतंत्र तास ठरवला गेला. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे त्या तासापुरते पातळीनुसार गट पाडले. विशेष म्हणजे, शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या गटस्तरीय साधनव्यक्तींनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस वर्गात उभे राहून ती पद्धत वापरली आणि मगच ते इतरांना सांगायला गेले. तेथे मुलांचे भाषेचे शिक्षण सुधारले. ज्याने स्वतः वर्गात केलेले नाही, त्याने दुसऱ्याला काय दाखवायचे, हा साधा विचार या यशामागे आहे.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. ३९ गावांत हे काम झाले आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या स्त्रियांना एकदा शिकवून सोडून दिलेले नव्हते. कोणत्या दिवशी भेट द्यायची, काय तपासायचे, काय नोंदवायचे हे ठरलेले होते आणि त्यांचे काम पाहून चुका दुरुस्त करायला जाणकार माणूस नियमित गावात येत असे. २०११ मध्ये केंद्र शासनाने हाच उपक्रम ‘आशा’ताईंकडे सोपवला. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी जायचे असते. नियोजन म्हणजे काय, ते या सहा आकड्यांत दिसते.

आता आपल्या प्रशिक्षणांकडे पाहा. हजेरीपत्रकावर सही होते, सुलभक पडद्यावर चित्रे दाखवतात, प्रमाणपत्र मिळते. पण कोणता तास, कोणती मुले, कोण शिकवील, पहिली अडचण कोणती येईल, आली तर कोणाला विचारायचे, महिन्याअखेरीस काय मोजायचे, हे प्रश्न कोणी विचारत नाही. माझा आग्रह आहे की प्रशिक्षणाचा निम्मा वेळ याच प्रश्नांना द्यावा. प्रत्येक शिक्षकाने एका पानाची योजना लिहूनच प्रशिक्षण-स्थळ सोडावे आणि केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षण परिषदेत तेच पान समोर ठेवून चर्चा करावी.

यावर काही शिक्षकबंधू-भगिनी म्हणतील की निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती, रिक्त पदे यांतून सवड मिळते कुठे? ही तक्रार खरी आहे. पण तिचे उत्तरही नियोजनातच आहे. वेळ नाही, असे मोघम म्हटले तर शासन ऐकत नाही. आठवड्यातले इतके तास इतर कामांत गेले आणि म्हणून हा वर्ग मागे राहिला, हे नोंदीसह मांडले तर ते नाकारणे कठीण जाते. योजना नसलेल्या माणसाला आपले हक्कही नेमकेपणाने मागता येत नाहीत.

या दिरंगाईची किंमत कोण मोजते, हेही ध्यानात घ्यावे. ज्याच्या घरी शिकलेले आई-वडील आहेत, ज्याला शिकवणी लावता येते, ते मूल शाळा कमी पडली तरी निभावून नेते. ज्याची आई रोवणीला जाते आणि बाप कामासाठी नागपूरला राहतो, त्याच्यासाठी शाळेशिवाय दुसरा आधार नाही. सिद्ध झालेली पद्धत आपल्या कपाटात पडून राहते, तेव्हा ती याच मुलापासून हिरावली जाते. म्हणून हा विषय केवळ अध्यापनशास्त्राचा राहत नाही, तो सामाजिक न्यायाचा होतो.

निवासी शाळेला या बाबतीत इतरांपेक्षा मोठी संधी आहे. मुले सायंकाळीही आपल्याच सोबत असतात. एकोडीच्या या परिसरात येत्या सत्रापासून सायंकाळच्या अभ्यासातील एक तास वाचन-पातळीनुसार गटांसाठी राखून ठेवावा, प्रत्येक गटाला एक जबाबदार शिक्षक असावा आणि दर महिन्याला झालेली प्रगती पालकसभेत वाचून दाखवावी, असे मी संचालक मंडळाला विनम्रपणे सुचवतो. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज शिक्षक, परिचारिका, आशा, ग्रामसेवक म्हणून कार्यरत आहेत. त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ या गटांना द्यावी आणि आपापल्या कार्यालयातही पुढच्या प्रशिक्षणाच्या शेवटी उभे राहून एवढेच विचारावे: हे उद्यापासून कोण, केव्हा आणि कसे करणार? पालकांनीही सभेत केवळ गुण न विचारता आपले मूल कोणत्या गटात आहे आणि पुढच्या गटात केव्हा जाईल, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवणारी शाळाच आपल्या लेकरांना पुढे नेईल.