ट्रॉलीचा मागचा दिवा लागत नाही?

शेतकरी बंधूंनो, रात्री कारखान्याला ऊस नेताना ट्रॉलीचा मागचा दिवा बंद असेल, तर मोटारसायकलवाल्याला ती धडकेपर्यंत दिसत नाही. म्हणून दिवा बिघडला, की आधी बल्ब पाहा, मग फ्यूज. दोन्ही शाबूत असतील, तर दोष बहुधा अर्थिंगचा निघतो. चौकटीला आवळलेली ती तार चिखलाने गंजते. जागा पॉलिश कागदाने घासून तार घट्ट आवळा.

नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी सोललेली तार लोखंडाला टेकली आहे. ती शोधा. फ्यूजऐवजी जाड तार कधीही घालू नका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही खरा, पण वायरिंग पेटते. फ्यूज ठरलेल्या अँपिअरचाच घाला.

निघण्यापूर्वी घरच्या कुणाकडून तरी मागचे दिवे पाहून घ्या.