भरली ट्रॉली आणि डावा पाय



दिवाळी सरली की ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. या दिवसांत गावोगावची तरुण मंडळी एक प्रश्न हटकून विचारतात. मोबाईलवर त्यांनी शर्यतीच्या मोटारी पाहिलेल्या असतात. इशारा मिळाला की ती मोटार बाणासारखी सुटते. "साहेब, आमचा पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीनिशी असा का उठत नाही? काय केले म्हणजे उठेल?"

प्रश्न चांगला आहे. म्हणून आज बियाणे-खते बाजूला ठेवून क्लचविषयी बोलू.

पहिली गोष्ट अशी की, शर्यतीच्या मोटारीचा चालकसुद्धा क्लचवरचा पाय एकदम काढत नाही. हाताने गिअर टाकायच्या मोटारीत तो इंजिनाचे फेरे एका ठरावीक जागी धरून ठेवतो. मग क्लच पकडू लागतो त्या बिंदूपर्यंत पाय हळूच वर आणतो, आणि चाकांनी रस्ता धरला असे जाणवले की रेस वाढवत नेतो. रेस जास्त झाली तर चाके जागच्या जागी फिरून धूर निघतो. कमी झाली तर इंजिन दबते. दोन्हींत वेळ जातो. म्हणजे मोटार सुटते ती इंजिनाच्या गर्जनेने सुटत नाही. चाकाने जमीन धरली तरच सुटते.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे कोणी शिकवायला नको. भरली बैलगाडी उठवताना जाणता गाडीवान आधी चाबूक मारत नाही. तो कासरा सैल करतो, बैलांना जू खांद्यावर बसवून घेऊ देतो, सापत्या ताणल्या जातात, आणि मग एका हाकेसरशी गाडी हलते. एकदम चाबूक बसला तर बैल पुढे उसळतो, जू तरी मोडते नाहीतर बैल तरी अडखळतो. ट्रॅक्टरचा क्लच म्हणजे तो कासराच समजा.

आता ट्रॅक्टर आणि मोटार यांत फरक कुठे आहे ते पाहू. मोटारीचे इंजिन जोर देते ते फेरे वाढल्यावर. आपल्या डिझेल ट्रॅक्टरचे तसे नाही. बहुतेक ट्रॅक्टरच्या इंजिनाची ओढ जास्तीत जास्त असते ती मिनिटाला साधारण १२०० ते १५०० फेऱ्यांच्या दरम्यान. म्हणून ट्रॉली उठवायला रेस पूर्ण देण्याची गरजच नसते. जोर कमी पडतो तेव्हा तो गिअरमधून घ्यायचा असतो.

हिशोब सोपा आहे. मागच्या मोठ्या चाकाचा घेर ४ मीटर धरा आणि इंजिन मिनिटाला २००० फेरे मारते असे धरा. लहानातल्या लहान गिअरमध्ये ताशी २.४ किलोमीटर वेग असेल तर चाक मिनिटाला १० फेरे मारते. म्हणजे इंजिनाचे २०० फेरे झाले की चाकाचा एक. वरच्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटर वेगाला चाक १२५ फेरे मारते, म्हणजे इंजिनाचे १६ फेरे आणि चाकाचा एक. फेरे जितके घटतात तितका जोर वाढतो. तेव्हा खालच्या गिअरमध्ये त्याच इंजिनाचा जोर चाकावर वरच्या गिअरच्या साडेबारापट पोचतो.

जो चालक वेळ वाचवायला वरच्या गिअरमध्येच ट्रॉली उठवतो, त्याचा तोटा क्लचप्लेट सोसते. गाडी थांबलेली आणि इंजिन फिरते, या दोघांची गाठ पडेपर्यंत प्लेट घासत राहते. सपाट रस्त्यावर त्या घासण्याची उष्णता गाडीला जो वेग द्यायचा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वेगाच्या गिअरमध्ये उठवले तर प्लेटवर चौपट उष्णता. रेस दुप्पट करून उठवले तरी चौपटच. चढावर तर त्याहूनही जास्त. जळका वास येतो तो या उष्णतेचा. क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो, आणि ऐन हंगामात तेवढे दिवस खेपा बुडतात.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे, ती नीट वाचा.

दोन चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे वजन पुढच्या चाकांवर साधारण एक तृतीयांशच्या आसपास असते, उरलेले मागे. ओढ लागली की पुढचे वजन आणखी मागे सरकते. थोडे सरकले तर मागच्या चाकांची पकड वाढते, ते चांगलेच. पण मागचे चाक चिखलात रुतले असेल, नाहीतर ट्रॉली हलत नसेल आणि तुम्ही क्लच एकदम सोडला, तर इंजिनाचा जोर जाणार कुठे? चाक फिरत नाही म्हटल्यावर मागच्या एक्सलभोवती अख्खा ट्रॅक्टरच फिरू पाहतो. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहतो. तिथून चालकाच्या अंगावर उलटायला एक-दीड सेकंद पुरतो. उडी मारायलाही सवड मिळत नाही.

हा धोका ट्रॅक्टरइतकाच जुना आहे. १९१७ साली अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टर निघाला. त्याच्यामागे साखळीने ओढलेला नांगर खडकात अडकला की तो असाच मागे उलटायचा. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन यांनी त्यावर उपाय शोधला. नांगराची ओढ पुढच्या चाकांना खाली दाबील अशी जोडणी त्यांनी केली. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे दिसणारी तीन जागी धरणारी जोडणी त्यातूनच आली. गंमत अशी की हे फर्ग्युसन तरुणपणी मोटारींच्या शर्यतीत उतरत. त्यांच्या कंपनीने बनवलेली, चारही चाकांना जोर पोचवणारी मोटार चालवून स्टर्लिंग मॉस यांनी १९६१ साली इंग्लंडमधील ओल्टन पार्कची शर्यत जिंकली. शेतात काय आणि शर्यतीत काय, चाकाची पकड हाच त्यांचा ध्यास होता.

मात्र लक्षात ठेवा, ट्रॉली त्या तीन जागी धरणाऱ्या जोडणीवर नसते. ती हुकाला असते. त्यामुळे फर्ग्युसन यांची ती राखण ट्रॉलीच्या वेळी तुम्हाला मिळत नाही. तिथे तुमचा डावा पायच काय तो राखणदार.

तेव्हा भरली ट्रॉली उठवताना हा क्रम पाळा :

१) ट्रॉली कंपनीने ठरवून दिलेल्या खालच्या हुकालाच जोडा. हुक जितका उंच, तितका उलटण्याचा धोका जास्त. टॉप लिंकच्या जागेला साखळी बांधून काहीही ओढू नका.

२) दोन चाकी ट्रॉलीत माल फार मागे भरला तर ट्रॅक्टरचे मागचे टोक उचलले जाऊन चाके जागेवर फिरतात. फार पुढे भरला तर हुकावर भार येऊन पुढची चाके हलकी होतात. पुढे वजने बसवण्याची सोय असेल तर ती काढून घरी ठेवू नका.

३) रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेकची पेडले एकत्र अडकवा. चाकाखाली लावलेले दगड आठवणीने काढा.

४) लो मधला पहिला किंवा दुसरा गिअर टाका. रेस मध्यम ठेवा. पाय हळू वर आणा. हुकातली ढिलाई निघून पिन ताणल्याचे जाणवेल. तिथे क्षणभर थांबा. मग पाय सावकाश पूर्ण काढा आणि नंतरच रेस वाढवा.

५) गाडी निघाली की पाय क्लचवरून खाली घ्या. पेडलवर पाय टेकवून चालवणे म्हणजे प्लेट रोज थोडी थोडी विकणे. पेडलची मोकळी चाल पुस्तकात सांगितल्याप्रमाणे महिन्यातून एकदा तपासा.

६) पुढची चाके हलकी वाटली तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि रेस सोडा. त्यानंतर पुन्हा जोर लावू नका. आधी माल कमी करा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

७) चाक रुतले तर दोन्ही मागच्या चाकांना आडवा ओंडका बांधून ट्रॅक्टर पुढे काढण्याचा खटाटोप कधीही करू नका. त्याने चाके अडतात आणि ट्रॅक्टर उलटतो. रुतलेला ट्रॅक्टर उकरून मोकळा करा, शक्य असेल तर मागे काढा.

सगळ्यांत वाईट जागा म्हणजे शेतातून बांध ओलांडून डांबरी रस्त्यावर येणारा उभा चढ. तिथेच ट्रॉली थांबते, तिथेच चालक इरेला पेटतो आणि बघायला जमलेली माणसे "सोड रे, सोड!" म्हणून ओरडतात. तोडणी सुरू होण्याआधी चार खेपा मुरूम टाकून तो चढ लांब आणि सौम्य करून घ्या. दोन शेजाऱ्यांनी मिळून केले तर खर्च निम्म्यावर येतो.

भगिनींनो, आता तुमच्यासाठी एक गोष्ट. शाळेला सुटी असली की पोर हट्ट धरते आणि बापाच्या शेजारी मडगार्डवर बसून कारखाना पाहायला निघते. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकच असते, ती चालकाची. झटका बसला की मडगार्डवरचे मूल मोठ्या चाकाखाली जाते. त्याला उतरवून घ्या. घरचे माणूस रागावले तरी उतरवून घ्या. आणि नवा ट्रॅक्टर घरात येत असेल तर रंगाआधी चालकाच्या डोक्यावर संरक्षक कमान आणि कमरेला पट्टा आहे का ते विचारा. कमान असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे. कमान नसेल तर पट्टा बांधू नये.

तरुण मित्रांनो, ट्रॅक्टर झटक्यात उठवण्यात कसली मर्दुमकी नाही. ट्रॉली हलली कधी हे मागे बसलेल्या उसालाही कळू नये, असा ज्याचा पाय चालतो तो खरा चालक. अशा चालकाचा ट्रॅक्टर हंगामभर चालतो आणि तो स्वतः रोज संध्याकाळी जेवायला घरी असतो.

पुढच्या अंकात खोडव्याचे पाचट न जाळता कुजवावे कसे, ते पाहू. तोवर रामराम.