सुपारी कुणाची, बळी कुणाचा?

सुपारी हा आपल्याकडे मानाचा शब्द. लग्न ठरले की सुपारी फुटते, पूजेत गणपतीच्या जागी सुपारी बसते, आणि तमाशाचा फड गावाच्या जत्रेला यायचा असेल तर फडमालकाला आधी सुपारी द्यावी लागते. मुंबईच्या गुन्हेगारी जगाने हाच शब्द उचलला आणि पैसे देऊन माणूस मारवण्याला चिकटवला. आज वर्तमानपत्रात 'सुपारी' वाचली की विड्याचे तबक कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

चित्रपटवाल्यांना मात्र ही दुसरी सुपारी भारी प्रिय. गजांआडून सुटलेला एक तरुण, त्याच्या हातात पिस्तुल देणारा एक भाई आणि दोघांच्या मागावर असलेला एक इन्स्पेक्टर, एवढे भांडवल जमले की थरारपट तयार, असा त्यांचा समज आहे. महेश मांजरेकर दिग्दर्शित 'अंतिम : द फायनल ट्रुथ' (२०२१) हा हिंदी चित्रपट वसतिगृहाच्या खोलीत आम्ही पाच जणांनी एकाच्या लॅपटॉपवर पाहिला. चौघांना आवडला, मला आवडला नाही. का आवडला नाही, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

'अंतिम' हा प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या मराठी चित्रपटाचा हिंदी अवतार. कथा बहुतेकांना ठाऊक आहे. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातला एक शेतकरी जमीन विकतो. विकलेल्या त्याच मातीवर त्याला पहारेकरी व्हावे लागते, तेथूनही अपमानित होऊन तो कुटुंबासह पुण्याच्या मार्केट यार्डात हमालीला येतो. मुलगा राहुल हमालीतून मारामारीत, मारामारीतून गजांआड आणि तेथून सुटून नान्याभाईच्या पदरी पडतो. मग पहिला खून, दुसरा खून, आणि एके दिवशी चाकरच धन्यावर उलटतो. मराठीत ओम भुतकर राहुल झाला, मोहन जोशी त्याचे वडील झाले. हिंदीत त्या जागी आयुष शर्मा आणि सचिन खेडेकर आले.

अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही. खेडेकरांचा खचलेला बाप खरा वाटतो. मराठीत पोलीस इन्स्पेक्टर झालेले उपेंद्र लिमये हिंदीत नान्याभाई झाले आहेत आणि दोन्हीकडे शोभून दिसतात. तक्रार आहे ती वजनकाट्याबद्दल. हिंदीत इन्स्पेक्टरच्या वेशात सलमान खान आला आणि काटा एकदम त्याच्या बाजूला झुकला. गोष्ट होती बापाची, मुलाची आणि गेलेल्या जमिनीची. ती झाली गुंड आणि पोलीस यांच्या कुस्तीची, तीही अक्षरशः, उघड्या अंगाने! चांगला पोलीस जिंकला, वाईट मुलगा संपला, प्रेक्षक सुखाने घरी गेला. जमीन कुणी घेतली, किती भावाने घेतली आणि पुढे तिचे काय झाले, हे प्रश्न मध्यंतराच्या आधीच बाजूला पडले.

यावर माझे मित्र म्हणतात, "अरे, थरारपट आहे, अर्थशास्त्राचा पेपर नाही!" आक्षेप रास्त आहे. पण मी थराराच्याच बाजूने बोलतो आहे. पडद्यावरच्या माणसाचे काय पणाला लागले आहे ते कळले तरच आपला श्वास अडकतो. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून गोविंद निहलानींनी 'अर्धसत्य' (१९८३) केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातल्या वेलणकर इन्स्पेक्टरची मूठ वळते तेव्हा आपल्याला धडकी भरते, कारण त्या मुठीमागे त्याचा बाप उभा आहे हे आपल्याला ठाऊक असते. आणि लांब कशाला जायचे? आपल्या नाशिकजवळच्या विहितगावचे बाबुराव बागूल. त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहात 'गुंड' नावाची कथा आहे. ज्याला सारी वस्ती भिते, त्याच्या मनात शिरायला बागूल भीत नाहीत. 'अंतिम'चा कॅमेरा राहुलच्या दंडापर्यंत पोहोचतो आणि तिथेच थांबतो.

तुम्ही म्हणाल, मुळशी राहिली पुण्याकडे, गंगापूर रोडवरच्या आपल्याला तिचे काय? मित्रहो, आपला हा रस्ता शहरातून निघून आनंदवली, सोमेश्वर करत गंगापूर धरणाकडे जातो. आज जेथे बहुमजली इमारती, हॉटेले आणि दवाखाने दिसतात, तेथे आपल्या आजोबांच्या पिढीने मळे पाहिले. याच रस्त्यालगतच्या आनंदवली शिवारात फेब्रुवारी २०२१ मध्ये जमिनीच्या वादातून एका वृद्ध शेतकऱ्याचा खून झाला आणि पोलिसांनी भूमाफियांच्या टोळीवर मोक्का लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'अंतिम' प्रदर्शित झाला. दोन्ही गोष्टींवर आपल्या कट्ट्यावर चर्चा व्हायला हवी होती. झाली ती फक्त सलमानच्या पगडीची.

जमिनीच्या धंद्यात खुनाचे काम पहिल्याच दिवशी कुणी सांगत नाही. आधी इसारपावती होते, साठेखत होते, एखाद्या वारसाची सही राहते, एक म्हातारा अडून बसतो. मग 'ताबा' घ्यायला पोरे लागतात. काम काय? नुसते उभे राहायचे. कुंपण घालताना चार दांडगी पोरे उभी असली की समोरचा गप्प बसतो. ज्याच्या नावावर पोलिसांत नोंद आहे, त्याला दुकानात, कारखान्यात कुणी ठेवून घेत नाही. या धंद्यात मात्र तीच नोंद त्याची पात्रता ठरते! आज उभे राहायचे, उद्या धमकवायचे, परवा मारायचे. तुरुंगाच्या दारातून सुटलेला मुलगा आणि सुपारी घेणारा हात यांच्यामधला हा जिना पायरी-पायरीने दाखवला असता, तर 'अंतिम' पाहताना आमच्या खोलीत कुणी चिप्सचे पाकीट फोडले नसते. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातूनही माणसे सुटून याच शहरात परततात. त्यांना पहिली हाक कोण मारतो, हा खरा थरार आहे.

'मुळशी पॅटर्न'लाही मी पूर्ण गुण देणार नाही. बापाचे दुःख त्या चित्रपटाने जीव ओतून सांगितले, पण राहुलची गाडी आली की तोही भान विसरला. त्याचे 'खतरनाक' गाणे आज मिरवणुकीत वाजते आणि त्यावर नाचणाऱ्या कुणालाही मार्केट यार्डातला बाप आठवत नाही. त्यात नाचणाऱ्यांचा दोष आहे, तसा दिग्दर्शकाचाही आहे. धोक्याची घंटा इतकी सुरेल वाजवली की लोक तिच्यावर ठेका धरणारच.

आपल्या वर्गात दिंडोरी, गिरणारे, त्र्यंबककडून येणारे मित्र आहेत. कुणाची बाग अजून उभी आहे, कुणाच्या शिवाराला भाव फुटला आहे. विक्रीचा पैसा भाऊबंदांत वाटला जातो, त्यातून एक बंगला होतो, एक लग्न होते, एक गाडी दारात येते. सातबाऱ्यावरचे नाव मात्र परत येत नाही. गाडीच्या काचेवर 'भाई' लिहिणारा मुलगा आपल्याच शेजारच्या बाकावर बसलेला असतो. त्याला 'अंतिम'ने काय दिले? चालण्याची ढब आणि मरण्याची ढब. जगण्याबद्दल एक अक्षर नाही.

म्हणून मराठी, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकणाऱ्या आपण मंडळींनी वाईट थरारपटाला 'टाइमपास' म्हणून सोडून देऊ नये. गुरुजनांनीही अशा चित्रपटांना वर्गाबाहेरचे समजू नये. एखाद्या तासाला 'गुंड' वाचावी, 'मुळशी पॅटर्न' दाखवावा आणि मग गंगापूर रोडवर एक फेरी मारून आणावी. पुढच्या अंकात या रस्त्याची गोष्ट कुणीतरी लिहील अशी मला आशा आहे. त्या गोष्टीत पिस्तुल एकदाच दिसले तरी चालेल, पण सुपारी देणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.