घरबांधणीतील बचत नेमकी कुठे खर्च व्हावी?

नवी दिल्ली : स्वतःच्या भूखंडावर घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी २०२५ हे वर्ष अनुकूल निर्णयांचे ठरले. फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आणला. २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, वातानुकूलन यंत्रांनाही तीच सवलत मिळाली आणि सौर उपकरणांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. या निर्णयांचे स्वागत झाले, ते योग्यच होते. मात्र हातात उरणारे पैसे घराच्या कोणत्या भागावर खर्च करायचे, हा प्रश्न त्या स्वागतात मागे पडला. घराचे पुढील चाळीस-पन्नास वर्षांचे आरोग्य मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

प्रथम बचतीचा आकार पाहणे आवश्यक आहे. हजार चौरस फुटांच्या साध्या घराला ढोबळमानाने चारशे पोती सिमेंट लागते. २८ टक्के करासह ३५० रुपयांना मिळणारे पोते नव्या दराने सुमारे ३२३ रुपयांना पडायला हवे. म्हणजे पोत्यामागे २७ रुपये आणि संपूर्ण घरामागे जवळपास ११ हजार रुपये वाचतात. बांधकामाचा दर चौरस फुटाला दोन हजार रुपये धरला, तर वीस लाखांच्या घरात ही बचत अर्ध्या टक्क्याच्या आसपास जाते. सळई, सिरॅमिक टाइल्स आणि रंग यांवरील कर पूर्वीप्रमाणे १८ टक्केच राहिला. संगमरवर व ग्रॅनाइटवरील कर ५ टक्क्यांवर आल्याची चर्चा बरीच झाली, परंतु ती कपात खाणीतून निघणाऱ्या ठोकळ्यांपुरती आहे. दुकानात मिळणाऱ्या, कापून पॉलिश केलेल्या लाद्या त्यात येत नाहीत.

व्याजदरातील घट अधिक जाणवणारी आहे. तीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा दर ९ टक्क्यांवरून ७.७५ टक्क्यांवर आला, तर मासिक हप्ता सुमारे २७ हजारांवरून २४ हजार ६३० रुपयांच्या घरात येतो. दरमहा दोन हजारांहून अधिक रुपये मोकळे होतात. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक कुटुंबे घरात काही ‘वाढीव’ करून घेण्याचा विचार सुरू करतात.

हे वाढीव काम कसे ठरते, याची एक रूढ पद्धत आहे. ठेकेदार चौरस फुटाचा एकच दर सांगतो. त्या दरात टाइल्स अमुक किमतीपर्यंतच्या, नळ साधे, दरवाजे फ्लशचे आणि ओट्याला काळा ग्रॅनाइट, असे गृहीत धरलेले असते. त्याहून महाग वस्तू निवडल्यास ‘फरक’ ग्राहकाने द्यायचा. परिणामी कुटुंबाला निवडीचे स्वातंत्र्य मिळते ते मुख्यतः दिसणाऱ्या वस्तूंबाबत. पायाची खोली, सळईची बांधणी, छतावरील उष्णतारोधक थर किंवा भिंतीतील नळ्यांचा दर्जा यांची यादी कोणी त्यांच्यापुढे ठेवत नाही. या गोष्टी ‘दरात आल्याच’ असे सांगितले जाते आणि ते ऐकून समाधान मानले जाते. टाइल्सच्या दुकानात दोन रविवार घालवणाऱ्या कुटुंबाने संरचना अभियंत्याच्या कार्यालयात अर्धा तासही घालवलेला नसतो.

या निवडीची खरी किंमतही सहसा मोजली जात नाही. दोन लाखांचे वाढीव काम गृहकर्जात समाविष्ट केले, तर ८ टक्के दराने वीस वर्षांत त्यासाठी जवळपास चार लाख रुपये फेडावे लागतात. त्या पैशातून भक्कम पाया किंवा थंड छत मिळाले, तर कर्ज फिटल्यानंतरही त्याचा उपयोग होत राहतो. बैठकीच्या खोलीतील फॉल्स सीलिंग आणि चकचकीत लाद्या यांची हौस मात्र पाच-सात वर्षांत जुनी होते आणि हप्ते पुढची बारा-तेरा वर्षे चालू राहतात. हौसेला घरात स्थान असू नये, असा याचा अर्थ नव्हे. जी गोष्ट नंतर बदलता येते तिला थांबवता येते. जी बदलता येत नाही तिच्यासाठी संधी एकदाच असते, एवढेच येथे लक्षात घ्यायचे आहे.

बदलता न येणारी पहिली गोष्ट म्हणजे जमीन. विदर्भ, मराठवाडा, माळवा, गुजरात, तेलंगण आणि उत्तर कर्नाटक या पट्ट्यात काळी माती मोठ्या प्रमाणावर आढळते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीने घराचे जोते उचलले जाते, भिंतींना तिरक्या चिरा पडतात, दरवाजे चौकटीत अडकू लागतात. अशा चिरा बुजवून त्यांवर कितीही महाग रंग दिला, तरी पुढच्या पावसाळ्यानंतर त्या पुन्हा उघडतात. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी रुंद होत जाणाऱ्या स्तंभिकांचा पाया अनेक दशकांपूर्वी विकसित केला असून त्यासाठी भारतीय मानकही उपलब्ध आहे. प्रत्येक घराला तो लागेलच असे नाही. काही ठिकाणी काळी माती काढून मुरूम भरल्याने काम भागते. मात्र यातील काय लागेल, हे मातीची चाचणी केल्याशिवाय सांगता येत नाही. या चाचणीचा खर्च घराच्या एकूण खर्चापुढे अल्प असतो. वास्तुशास्त्राच्या सल्ल्यावरून जिना एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवण्याची तयारी असलेली कुटुंबेही या चाचणीला अनावश्यक मानतात, हे नवलाचे आहे.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा लातूर जिल्हा भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि हजारो लोक प्राणास मुकले. त्यानंतर मानकांत बदल झाला, सर्वांत कमी धोक्याचे ते क्षेत्रच २००२ मध्ये रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर वरच्या श्रेणीत गेला. त्याआधी २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील अहमदाबादेत सिमेंट काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या होत्या. तळमजला वाहनांसाठी खांबांवर मोकळा ठेवण्याची पद्धत त्या पडझडीचे एक ठळक कारण होती. आज शहरांच्या वाढत्या उपनगरांत छोट्या बंगल्यांचे तळमजलेही त्याच पद्धतीने मोकळे ठेवले जातात.

घराच्या सुरक्षिततेतील काही सुधारणा अक्षरशः नाममात्र खर्चाच्या असतात. खांबातील उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांची टोके काटकोनात न वाकवता १३५ अंशांत आत वळवावीत, असे भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक सांगते. काटकोनातील टोक हादऱ्यात उघडते, आत वळवलेले टोक सळयांना धरून ठेवते. लोखंड किंचित अधिक लागते, बांधणाऱ्याचे थोडे श्रम वाढतात. काँक्रीटवर पाणी मारण्याचेही तसेच आहे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख किंवा धातुमळी मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा द्यावा, असे मानक आहे. कोरड्या, कडक उन्हाळ्यात हा कालावधी आणखी वाढतो. बाजारात आज मिश्र सिमेंटच मोठ्या प्रमाणावर विकले जाते. तरीही स्लॅबवरची वाफ्यांची पाळी चार दिवसांत मोडणारी बांधकामे जागोजागी दिसतात. या दोन्ही बाबी मालकाच्या देखरेखीवर अवलंबून आहेत, ठेकेदाराच्या दरपत्रकात त्यांना स्वतंत्र ओळ नसते.

तिसरी बाब उष्णतेची असून दरवर्षीच्या उन्हाळ्यामुळे ती तातडीची झाली आहे. वरच्या मजल्यावर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. त्यावर कुटुंबांनी शोधलेला उपाय म्हणजे वातानुकूलन यंत्र आणि करकपातीने तो स्वस्तही झाला. यंत्र विकत घेणे एकदाचे असते, विजेचे देयक दरमहा येते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छतातून आत येणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा तिने ठरवून दिली. वरून काहीही न घातलेला नेहमीचा सिमेंट काँक्रीटचा स्लॅब त्या मर्यादेत बसत नाही. ही संहिता पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांसाठी होती, त्यामुळे दीड-दोन हजार चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याला तिचे बंधन नाही. परंतु तिच्यातील शहाणपण घेण्यास कोणाची मनाई नाही. छतावर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे आच्छादन, पश्चिमेच्या भिंतीत कमी खिडक्या, उरलेल्यांवर पुरेसा खोल छज्जा, हे सारे नकाशाच्या टप्प्यावर ठरले तर फारसे महाग पडत नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

येथे प्रदेशाप्रमाणे फरक करावा लागतो. जोधपूर किंवा अहमदाबादच्या कोरड्या उष्णतेत जाड भिंती आणि लहान खिडक्या उपयोगी पडतात, तर मुंबई-चेन्नईच्या दमट हवेत समोरासमोरच्या मोठ्या खिडक्यांतून वारा खेळणे महत्त्वाचे ठरते. म्हणूनच संहितेने खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत उघडणाऱ्या खिडक्यांचे किमान प्रमाण दमट प्रदेशासाठी सुमारे १६.७ टक्के आणि उष्ण-कोरड्या प्रदेशासाठी १० टक्के असे वेगवेगळे ठेवले. नागपूर किंवा दिल्लीत बंगळुरूच्या बंगल्याचा नकाशा जसाच्या तसा उतरवणारे कुटुंब या फरकाची किंमत प्रत्येक मे महिन्यात मोजते.

घरातील माणसांचा विचार तर याहूनही कमी होतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती आणि ती सातत्याने वाढत आहे. घर बांधणारा बहुधा चाळिशीत असतो, आई-वडील सत्तरीकडे झुकलेले असतात आणि कर्ज फिटेपर्यंत तो स्वतः साठीला पोहोचतो. असे असूनही सर्व शयनकक्ष वरच्या मजल्यावर आणि तळमजल्यावर केवळ बैठक, स्वयंपाकघर व जिन्याखालचे छोटे शौचालय, अशी मांडणी सर्रास होते. स्नानगृहाचा दरवाजा अडीच फुटांचा असतो. चौकट वजा जाता त्यातून चाकाची खुर्ची जेमतेम जाते किंवा जातच नाही. सुगम्य इमारतींसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना ९०० मिलिमीटर मोकळ्या रुंदीचा आग्रह धरतात. हा अर्धा फूट नकाशावर फुकट मिळतो, भिंत उभी राहिल्यावर तो तोडफोड करूनच मिळवावा लागतो. तळमजल्यावर एक निजण्याची खोली, तिला लागून न घसरणाऱ्या फरशीचे स्नानगृह आणि पुढे कधी आधाराचे दांडे बसवता येतील इतकी मजबूत भिंत, ही तरतूद कोणत्याही मॉड्युलर किचनपेक्षा आधी यायला हवी.

स्वयंपाकघराचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. ओट्याची उंची, हवेशीरपणा, भांडी घासण्याची जागा, कपडे वाळत घालण्याची सोय यांविषयीचे निर्णय अनेक घरांत ठेकेदार आणि कुटुंबप्रमुख परस्पर घेतात. ज्या स्त्रीला तेथे दिवसाचे पाच-सहा तास उभे राहायचे आहे, तिला कपाटांचा रंग तेवढा विचारला जातो. प्रधानमंत्री आवास योजनेत घर स्त्रीच्या नावावर किंवा संयुक्त नावावर असण्यावर भर आहे. योजनेच्या शहरी टप्प्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या पात्र कुटुंबाला अडीच लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते आणि घराचे चटई क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर असते. एवढ्या मर्यादित जागेत चुकीच्या बाजूला उघडणारे एक दारही अख्खी भिंत निकामी करते. मालकी कागदावर आली, नकाशावरील अधिकार अजून यायचा आहे.

काही तरतुदी आज केवळ रिकाम्या नळीच्या स्वरूपात ठेवता येतात. गच्चीपासून मीटरपर्यंत वायर ओढण्यासाठी एक मोकळी नळी, वाहन उभे करण्याच्या जागेपर्यंत चार्जिंगसाठी दुसरी, छताचे पावसाचे पाणी शोषखड्ड्यात नेणारा स्वतंत्र पाइप. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्याहून अधिक क्षमतेच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते, दोन किलोवॅटला ६० हजार. योजनेचा कालावधी २०२६-२७ पर्यंत आहे. तीन किलोवॅटसाठी साधारण तीनशे चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली गच्चीच्या दक्षिण बाजूला उभी केली, की या जागेचा मोठा भाग सावलीत जातो. अनुदान पुढील वर्षी घ्यायचे ठरवले तरी टाकीची जागा आजच ठरवावी लागते.

उरतो तो कागदपत्रांचा भाग. सदनिका विकत घेणाऱ्याला स्थावर संपदा कायद्याचे संरक्षण आहे. मंजूर नकाशा, तपशील आणि बसवायच्या वस्तू यांत विकासक ग्राहकाच्या संमतीविना बदल करू शकत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो त्याला स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्याला हे संरक्षण लागू होत नाही. त्याचा आधार म्हणजे लेखी करार आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, ज्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा उल्लेख आहे. कराचा हिशेबही दोन प्रकारचा आहे. एकट्या निवासी घरासाठी केवळ मजुरीचा ठेका दिला तर त्या सेवेवर वस्तू व सेवा कर लागत नाही, साहित्यासह ठेका दिल्यास १८ टक्के लागतो. पहिल्या पर्यायात साहित्याची निवड आणि त्याची जबाबदारी दोन्ही मालकाकडे येतात. ज्यांच्याकडे रोज कामावर जाऊन पाहणारे कोणी नाही, त्यांना तो पर्याय करात स्वस्त वाटला तरी प्रत्यक्षात महाग पडू शकतो.

करार कोणत्याही प्रकारचा असो, त्यात काँक्रीटची श्रेणी, सळईचा दर्जा, वायरिंगची कंपनी व जाडी, गळती प्रवाह रोधक, जलरोधक थराची पद्धत आणि त्याची हमी या बाबी टाइल्सच्या दराइतक्याच स्पष्टपणे लिहिलेल्या असाव्यात. हप्ते तारखेनुसार न देता जोते, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांवर द्यावेत. बँकाही बांधकामाचे कर्ज टप्प्याटप्प्यानेच देतात. आणि प्लास्टर चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीची, तिच्यातील नळ्या व वायरी दिसतील अशी छायाचित्रे काढून नकाशासोबत जपून ठेवावीत. दहा वर्षांनी गळती शोधायला आलेल्या प्लंबरला पहिला प्रश्न तोच पडतो : पाइप नेमका कुठून गेला आहे?