पित्याहून वडील पुत्र

गेल्या चातुर्मासांत आमच्या आळींतील एका घरीं रोज सायंकाळीं महाभारताचें वाचन होत असे. वनपर्वांतील तीर्थयात्रेचा भाग चालला असतां अर्बुद पर्वताचें नांव आलें. अर्बुद म्हणजे आजचा अबू. त्यास तेथें हिमवंताचा पुत्र म्हटलें आहे. पूर्वीं त्या ठिकाणीं पृथ्वीला छिद्र होतें व वसिष्ठांचा आश्रम होता, असेंही सांगितलें आहे. इतकें वाचून होतें न होतें तोंच घरांतील नववींत शिकणारा नातू भूगोलाचें पुस्तक घेऊन पुढें आला आणि म्हणाला, “आजोबा, हें जुळत नाहीं. अरवली हिमालयाच्या कितीतरी आधींचा आहे. बापाच्या आधीं मुलगा कसा जन्मेल?” आजोबा रागावले नाहींत, पण पेंचांत मात्र पडले, आणि “मास्तरांनाच विचार,” असें म्हणून त्यांनीं तो प्रश्न माझ्याकडे पाठविला. त्याचें उत्तर याच लेखांत द्यावें असें योजिलें आहे. कारण ह्या वृद्ध पर्वतावरून अलीकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो वाद गेला, त्याचें मर्मही ह्या उत्तरांतच आहे.

प्रथम मुलाची बाजू पाहूं. भूगर्भशास्त्र त्याच्याच पक्षाचें आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत जाऊन आशियाखंडास भिडला व मधल्या समुद्राच्या तळचा गाळ घड्या पडून वर उचलला जाऊं लागला, त्यास सुमारें पांच कोटि वर्षें झालीं. हिमालय तो हा. अरवलीची कथा याहून फार जुनी. मेवाडांत ज्या खडकांच्या पायावर ही रांग उभी आहे, त्यांतील कांहीं तीनशें कोटि वर्षांहून अधिक वयाचे आहेत. त्या पायावर सांचलेल्या थरांना घड्या पडून पर्वत उभा राहण्याचें काम एकदां नव्हे, अनेक वेळां, सुमारें दोनशें कोटि ते शंभर कोटि वर्षांपूर्वींच्या दीर्घ काळांत झालें. खुद्द अबूचा ग्रॅनाइट त्या मानानें धाकटा. पृथ्वीच्या पोटांतील तप्त रस थिजून तो झाला, त्यास पाऊणशें कोटि वर्षें लोटलीं. म्हणजे या घराण्यांतील हें धाकटें भावंडही हिमालयाच्या पंधरापट वयाचें!

इतक्या वर्षांचें ऊन, पाऊस आणि वारा अंगावर घेऊन अरवली झिजला आहे. आज जो दिसतो तो पूर्वींच्या उंच पर्वताचा उरलेला मूळ भाग होय. अबूवरील गुरुशिखर हें त्याचें सर्वोच्च शिखर. त्याची उंची १७२२ मीटर. उत्तरेकडे जावें तसतसे डोंगर ठेंगणे व तुटक होत जातात, आणि दिल्लीजवळ तर केवळ टेकड्याच उरतात. राष्ट्रपतिभवन ज्या रायसिना टेकडीवर उभें आहे, ती ह्याच पर्वताचें टोंक. गुजरातेंतील पालनपूरच्या बाजूपासून तेथपर्यंतची लांबी सुमारें ६७० किलोमीटर भरते.

आतां आजोबांची बाजू. पुराणकथा अशी आहे कीं, वसिष्ठांची गाय नंदिनी तेथील एका खोल विवरांत पडली. पुन्हां असा प्रसंग येऊं नये म्हणून ऋषींनीं हिमालयाकडे मागणें केलें, व त्यानें तें विवर बुजविण्यासाठीं आपला पुत्र धाडिला. अर्बुद नांवाच्या नागानें त्यास पाठीवर वाहून आणिलें. ह्या कथेंत पर्वताचें वय शोधूं गेल्यास निराशाच पदरीं येईल. कथा वय सांगत नाहीं, काम सांगते. हा पर्वत भगदाड बुजविण्यासाठीं आलेला आहे, एवढेंच तिचें म्हणणें. आणि तें किती खरें आहे हें पाहावयाचें असल्यास नकाशाच उघडावा.

नकाशांत या रांगेच्या पश्चिमेस मारवाड व त्यापलीकडे थरचें वाळवंट दिसेल. पूर्वेस मेवाड, जयपुराकडील मैदानें आणि पुढें यमुनेचा प्रदेश. वर्गांत मुलांना एक प्रश्न नेहमीं पडे: सह्याद्रीमुळें कोंकणांत धो धो पाऊस पडतो, मग अरवली असूनही मारवाड कोरडा कां? याचें एक उत्तर पर्वताच्या दिशेंत आहे. सह्याद्रि अरबी समुद्रावरील वाऱ्यांस आडवा उभा आहे. अरवली मात्र नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, म्हणजे वाऱ्यांच्या वाटेशीं समांतर पडला आहे. ढग त्याच्या कडेनें निघून जातात. जेथें डोंगर उंच आहे तेथें तो त्यांस अडवितो, आणि त्याचा परिणाम थक्क करणारा होतो. अबूवर वर्षाकांठीं सुमारें १५० सेंटिमीटर पाऊस पडतो. तेथून तीनशें किलोमीटरांवरील जेसलमेरास वीस सेंटिमीटरही धड मिळत नाहीं.

त्यामुळें अबूचा माथा म्हणजे रुक्ष प्रदेशांतील एक हिरवें बेटच झाला आहे. पायथ्याशीं कांटेरी झुडुपें. वर चढत जावें तों आंबा, जांभूळ व करवंदाच्या जाळ्या लागतात, दगडांच्या सांदींत नेचे दिसतात, झाडांवर आमरी फुलते. कोंकणांतील माणसास तेथें माहेरचें कोणी भेटल्यासारखें वाटावें! आपल्या रानांतला राखी रानकोंबडाही तेथवर पोंचला आहे. आणि हिरवी मुनिया नांवाची जी चिमुकली पांखरें आतां फार थोड्या ठिकाणीं उरलीं आहेत, तीं तेथें अद्याप दाणे टिपतांना आढळतात.

परंतु अरवलीचें खरें झाड म्हणाल तर तें धोक. आपल्याकडील धावड्याचा हा सख्खा भाऊबंद. जेथें दुसरें झाड तग धरीत नाहीं अशा उघड्या खडकाळ उतारावर हा उभा राहतो. शेळ्यामेंढ्यांनीं फार खाल्लें तर जमिनीसरसा चटईसारखा पसरून राहतो. कुंपण घालून कांहीं वर्षें राखलें तर तोच हळूहळू मान वर काढून वृक्ष होतो. माथ्यावर साळई, उतारावर धोक, घळींत पळस, असा ह्या रानाचा साधारण क्रम आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेंतून एकोणिसाव्या शतकांत आणलेली विलायती बाभूळ मात्र आतां ठिकठिकाणीं या मूळ रहिवाशांस हुसकून बसली आहे. बिबट्या, तरस व नीलगाय हे प्राणी अजून या रानांत आहेत. अलवरजवळील सरिस्काच्या रानांतून वाघ पार नाहींसे झाल्याचें २००५ सालीं उघडकीस आलें. पुढें २००८ पासून रणथंभोरहून वाघ आणून तें रान पुन्हां नांदतें करावें लागलें.

आतां पाण्याचें पाहूं. ही रांग मोठा जलविभाजक आहे. अजमेरजवळ उगम पावणारी लुनी पश्चिमेकडे जाते, वाटेंत नांवाप्रमाणें खारट होते आणि कच्छच्या रणांत जिरते. कुंभलगडाजवळून निघणारी बनास पूर्वेकडे वाहून चंबळेस मिळते, आणि तिचें पाणी यमुना-गंगेच्या द्वारें बंगालच्या उपसागरास पोंचतें. साबरमतीही येथलीच, ती खंबायतच्या आखातास मिळते. परंतु वाहणाऱ्या पाण्याहून मुरणारें पाणी अधिक मोलाचें. जुन्या, भेगाळलेल्या ह्या खडकांतून पावसाचें पाणी खालीं उतरतें, आणि पायथ्याच्या गांवांतील विहिरी त्यावर जगतात. टेकडी पन्नास मीटर उंच आहे कीं पांचशें, याची विचारपूस पाणी करीत नाहीं. फट मिळाली कीं तें आंत शिरतें.

वाळूचेंही तसेंच आहे. वाळूचा कण कांहीं घारीसारखा आकाशांत उडत नाहीं. बारीक धूळ उंच जाते हें खरें. पण वाळू वाऱ्याबरोबर टुणटुण उड्या मारीत जमिनीलगतच चालते, बहुधा माणसाच्या कमरेच्याही खालून. तिला अडविण्यास हिमालय लागत नाहीं. झाडोऱ्यानें झांकलेली साधी टेकडीही पुरते. अरवलीच्या पश्चिम पायथ्याशीं अनेक ठिकाणीं वाळूचे ढीग सांचलेले आहेत, ते ह्याच पहाऱ्याची साक्ष देतात. जेथें टेकड्यांच्या ओळींत मुळांतच खिंडी आहेत, तेथून वाळू पूर्वेकडे सरकलेली आढळते. एक टेकडी नाहींशी झाली म्हणजे अशी एक खिंड आपण आपल्या हातानें पाडली, असाच त्याचा अर्थ होतो.

आणि टेकड्या नाहींशा होत आहेत. अरवलीचें पोट धनाढ्य आहे. खेत्रीचें तांबें प्रसिद्धच आहे. उदयपूरजवळील जावर येथें आठशें वर्षांपूर्वीं जस्त ऊर्ध्वपातनानें काढीत असत; जस्त तापविलें कीं वाफ होऊन उडून जातें, म्हणून ती वाफ मातीच्या मुशींतून खालीं उतरवून थिजविण्याची युक्ति तेथील कारागिरांस साधली होती. ‘रसरत्नसमुच्चय’ ह्या संस्कृत ग्रंथांतही जस्त काढण्याची कृति दिलेली आहे. ताजमहालाचा संगमरवर मकरान्याचा, तोही याच डोंगरांच्या घराण्यांतला. तेव्हां खाण हा येथें नवा धंदा नव्हे. नवें आहे तें प्रमाण. पूर्वीं धातूसाठीं डोंगरांत भोंक पाडीत. आतां खडीसाठीं डोंगरच उचलून नेतात.

केंद्र सरकारनें १९९२ सालीं गुडगांव व अलवर जिल्ह्यांतील अरवलीसाठीं निर्बंध घातले. पुढें सर्वोच्च न्यायालयानेंही हरियाणांतील खाणकामास वेळोवेळीं मनाई केली. तथापि २०१८ सालीं राजस्थानांतील १२८ टेकड्यांचा नमुना तपासला असतां त्यांपैकीं ३१ नाहींशा झाल्याचें न्यायालयापुढें आलें. लोक हनुमंत झाले काय, कीं डोंगर उचलून पळतात, असें तेव्हां न्यायमूर्तींनीं विचारलें होतें. हनुमंतानें पर्वत उचलला तो लक्ष्मणाचे प्राण वांचविण्यासाठीं, आणि काम होतांच तो जागच्या जागीं परत नेऊन ठेविला, असें आपण ऐकत आलों. हे नवे हनुमंत परत आणून ठेवीत नाहींत, एवढाच फरक.

यापुढील प्रकरण २०२५ सालचें. अरवली म्हणावें कशास, अशी व्याख्याच करण्याचा प्रसंग आला. आसपासच्या जमिनीपासून १०० मीटर वा त्याहून उंच असेल तेंच भूरूप अरवलीचा डोंगर मानावें, ही व्याख्या २० नोव्हेंबर रोजीं न्यायालयानें मान्य केली. खाणकामाचा रीतसर आराखडा होईपर्यंत नवे खाणपट्टे देऊं नयेत, असेंही त्याच निकालांत होतें, हें सांगितलें पाहिजे. पण उत्तरेकडील असंख्य टेकड्या ह्या मापांत बसत नाहींत, म्हणून लोकांत मोठी खळबळ उडाली. आणि २९ डिसेंबर रोजीं न्यायालयानें आपलाच निर्णय स्थगित ठेवून तज्ज्ञांकडून फेरविचार करविण्याचें ठरविलें. कायद्यास मोजमाप लागतें, हें मी जाणतों. मोजमापावांचून कज्जा तुटत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, जो पर्वत झिजणें हाच ज्याचा इतिहास, त्यास उंचीच्या काठीनें मोजणें म्हणजे घरांतील कमरेंत वांकलेल्या वडील माणसास दाराच्या चौकटीशीं उभें करून, उंची भरत नाहीं म्हणून पंगतींतून उठविण्यासारखें आहे.

ज्यांनीं ह्या डोंगरांशीं निराळ्या रीतीनें वागून पाहिलें, त्यांचाही अनुभव सांगण्याजोगा आहे. अलवर जिल्ह्यांत १९८५ पासून राजेंद्रसिंह व त्यांच्या ‘तरुण भारत संघा’नें गांवकऱ्यांकडून जोहड बांधविण्यास आरंभ केला. जोहड म्हणजे उतारावरून येणारें पाणी अडविणारा मातीचा साधा बांध व त्यामागील तळें. पाणी अडलें, मुरलें, विहिरी भरल्या. आणि पावसाळ्यापुरतीच वाहणारी अरवरी नदी पुढें बारमाही वाहूं लागली. राजेंद्रसिंहांस त्याबद्दल २००१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तसेंच गुडगांव व फरीदाबाद यांच्या मध्यें मांगर गांवीं ‘बनी’ म्हणजे देवराई आहे. एका साधूच्या नांवानें गांवकऱ्यांनीं तेथील धोक कधीं तोडला नाहीं, आणि चोहोंकडे शहर वाढत असतां तें रान उभें राहिलें. ह्या दोन्ही ठिकाणीं डोंगर शंभर मीटर आहे कीं नाहीं, हें कोणी आधीं मोजलें नव्हतें.

असो. त्या घरीं मी आजोबा व नातू दोघांनाही जवळ बसवून हें सांगितलें. आजोबा म्हणाले, “मग मास्तर, चूक कोणाची?” मीं म्हटलें, “परीक्षेंत नातवानें आपलेंच उत्तर लिहावें. आपण मात्र पोथींतील ओळ आहे तशीच वाचावी. एक पर्वताचें वय सांगतें, दुसरी त्याचें काम सांगते.” मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग देवघराच्या नव्या संगमरवरी फरशीकडे पाहून त्यानें विचारलें, “मास्तर, ही कोठली?” दुकानदारानें ती मकरान्याची म्हणून दिली होती. आजोबांनीं तसें सांगितलें, आणि पुढें पोथी उघडण्यापूर्वीं ते कांहीं वेळ त्या फरशीकडेच पाहत राहिले.